डावा कान

पन्नाशी उलटल्यावर माणसाने काय करू नये, याची एक यादी आपल्या आप्तेष्टांजवळ तयारच असते. कोणास जामीन राहू नये, नवे घर बांधावयास काढू नये, थंड पाण्याने नाहू नये, अशी अनेक शहाणपणाची कलमे तीत आहेत. परंतु चालती नोकरी सोडून अंदमानात राहावयास जाऊ नये, हे कलम मात्र तीत नव्हते. असे कोणी करील ही शंकाच आमच्या कुळात आजवर कोणास आलेली नसावी. २०१५ साली मी ते केले. निरोप घेण्यास गेलो तेव्हा मावशी म्हणाली, ‘काळ्या पाण्यावर चाललास होय रे? आणि गुन्हा कोणता केलास?’

तिची थट्टा मला पुढे वारंवार आठवली. मराठी माणसाच्या मनात अंदमान म्हणजे सावरकरांची कोठडी आणि कोलू. १९११ साली बेड्या घालून ज्या किनाऱ्यावर त्यांना उतरविले, त्याच किनाऱ्यावर मी एक सुटकेस आणि पोहण्याची चड्डी घेऊन उतरलो, याची मला थोडी लाजही वाटली. ती फार दिवस टिकली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. समुद्राच्या त्या रंगापुढे लाज टिकत नाही.

आम्ही बिऱ्हाड केले ते हॅवलॉक बेटावर. २०१८ पासून त्याचे नाव स्वराज द्वीप. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९५० नंतरच्या काळात येथे जमिनी मिळाल्या, आणि त्यांच्या नातवंडांचेच हे बेट आहे. येथील समुद्रकिनाऱ्यांना नावे असली तरी लोक त्यांना आकड्यांनीच ओळखतात. सुप्रसिद्ध राधानगर म्हणजे ‘सात नंबर’, आमचे घर ‘पाच नंबर’च्या वाटेवर, एका पोफळीच्या बागेत. दोन-चार दुकानदारांचे हिशेब लिहून भाडे सुटत असे. उरलेला दिवस माझा, म्हणजे समुद्राचा.

मी तेथे गेलो तो बुडी मारण्यासाठी. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाण्याची विद्या मला एका तेवीस वर्षांच्या बंगाली मुलाने शिकविली. तो मला ‘आंकल’ म्हणे आणि मी मनात त्याला गुरुजी म्हणे. त्याचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखून धरावयाचा नाही. दुसरा नियम कानाचा. दहा मीटर खाली गेले की अंगावरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, वीस मीटरांवर तिप्पट. आणि या दाबाची पहिली तक्रार कान करतो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकावी, म्हणजे घशातून कानाकडे जाणारी बारीक वाट उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजू सारख्या होतात. ‘हलकेच’ हा शब्द तो तीनदा उच्चारी. वाट उघडली नाही तर थोडे वर यावे, पुन्हा प्रयत्न करावा, नाहीच जमले तर मुकाट्याने डुंगीवर परतावे. डुंगी म्हणजे तेथील लाकडी मोटारहोडी.

पाण्याखाली काय दिसते याची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. मला अधिक नवल वाटले ते ऐकू येते याचे. पोपटमासा आपल्या चोचीने प्रवाळ कुरतडतो, त्याचा कुरकुर आवाज स्पष्ट ऐकू येतो. कोणी पापड खात बसले आहे असे वाटते. मात्र तो कोठून आला ते कळत नाही. हवेपेक्षा पाण्यात ध्वनी चौपटीहून अधिक वेगाने धावतो. तो दोन्ही कानांवर जवळजवळ एकाच वेळी आदळतो आणि डावे-उजवे हा भेदच नाहीसा होतो. एरवी सदैव दिशा शोधणारे मन तेथे स्वस्थ बसते. त्या स्वस्थतेचे मला व्यसन लागले, असे म्हणावयास हरकत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात समुद्र तापला. एके सकाळी खाली उतरलो तो प्रवाळाची झाडेच्या झाडे पांढरीशुभ्र झालेली. चांदण्यात मोगऱ्याची बाग पाहावी तसे ते दृश्य होते. वर आल्यावर मी आनंदाने ‘सुंदर!’ असे म्हटले. गुरुजी काही बोलला नाही. पाणी फार तापले म्हणजे प्रवाळ आपल्या अंगात राहणारे रंगीत सूक्ष्म जीव बाहेर टाकतो, आणि त्याचे अन्न तर त्यांच्याकडूनच येते. ती शुभ्रता उपासमारीची होती, हे त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितले. मृत्युशय्येचे कौतुक केल्याबद्दल त्याने मला रागावावयास हवे होते. तो रागावला नाही. आणि याचा मी पुढे गैरफायदा घेतला, असे आता वाटते.

२०१९ च्या फेब्रुवारीत मला पडसे झाले होते. पडशाने कानाची वाट सुजते, म्हणून पडसे असता बुडी मारावयाची नाही हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु त्या आठवड्यात पाणी असे निवळले होते की डुंगीवरून तळाची वाळू दिसावी. निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या प्रकृतीच्या कागदावर सही करावयाची असते. मी सही केली. त्याने वर तोंडीही विचारले, ‘आंकल, सर्दी तो नहीं है?’ मी म्हणालो, ‘नाही.’

चार मीटरांवर डावा कान अडला. मी वर यावयास हवे होते. त्याऐवजी नाक दाबून सर्व जोरानिशी फुंकले. आत काहीतरी टक् करून तुटले आणि अवघा समुद्र जात्याच्या पाळीसारखा माझ्याभोवती फिरू लागला. वर कोणते नि खाली कोणते हे कळेना. त्या मुलाने माझा दंड धरला, तोंडातली नळी सुटू दिली नाही, आणि अतिशय सावकाश मला वर आणले. घाई केली असती तर कदाचित हे लिहावयास मी उरलो नसतो.

डॉक्टर म्हणाले की इजा पडद्याच्याही पलीकडे, आतल्या कानाला झाली आहे. डाव्या बाजूचे ऐकणे पुष्कळसे गेले आहे; ते परत येणार नाही, आणि पाण्याखाली पुन्हा जाणे नाही. तेव्हापासून त्या कानात एक रातकिडा अखंड ओरडत असतो. पण मला खरोखर जे सांगावयाचे आहे ते निराळेच. मी चेन्नईस उपचार घेत पंधरा दिवस पडून होतो, आणि इकडे त्या मुलाला ‘नीट विचारपूस केली नाहीस’ म्हणून मालकाने डुंगीवरून उतरविले होते. मला ते फोनवर कळले होते. परत आल्यावर सांगू, असे मी ठरविले. एक वाक्य फोनवर बोलावयास किती वेळ लागतो? परंतु माझ्या पत्नीलाही मी पडशाचे सांगितले नव्हते आणि ती उशाशी बसलेली होती. परतल्यावर मी मालकाकडे जाऊन खरे सांगितले, आणि मग घरी येऊन पत्नीला. तिने पुष्कळ वेळ काही म्हटले नाही. नंतर उठून माझ्या उजव्या बाजूला आली आणि म्हणाली, ‘त्या पोराचे तीन आठवड्यांचे पैसे देऊन या आधी.’ त्याने ते घेतले नाहीत. त्याच्या आईने घेतले, हे मला बरे वाटले.

तळ गेला, आता पृष्ठ उरले. फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याचा जो खेळ हवाई बेटांतील लोकांनी जगाला दिला, तो अंदमानात खेळावयाचा तर लिटल अंदमानास जावे लागते. श्रीविजयपुरमहून (२०२४ पर्यंत त्याचे नाव पोर्ट ब्लेअर होते) जहाजाने दक्षिणेकडे सात-आठ तास. हट बे हे तेथील बंदर. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीने त्याची फार मोठी हानी केली होती. लाटेने ज्यांचे सर्वस्व नेले, त्यांच्याच किनाऱ्यावर लाटेशी खेळण्याचा संकोच वाटतो. पण तेथील पोरेच मोडक्या फळ्या घेऊन आधी पाण्यात शिरतात, तेव्हा माझ्या संकोचाला कोण विचारतो! २०२३ च्या एप्रिलात त्याच मुलाने मला तेथे नेले. आपण होऊन. मागचा विषय आम्हां दोघांनीही काढला नाही.

या लाटा जवळच्या वाऱ्याच्या नसतात. हजारो किलोमीटर दूर, दक्षिण महासागरात कोठेतरी वादळ होते, आणि त्याची उसळी दिवसेंदिवस चालत येथे पोहोचते. पाणी तेथून येत नाही. येतो तो फक्त हेलकावा. किनाऱ्याशी पाणी उथळ झाले की त्याचा पाय अडखळतो आणि माथा कोसळतो. त्या क्षणाच्या किंचित आधी फळीवर उभे राहावयाचे असते. मागून येणारी लाट इतरांना ऐकू येते. मला सगळा समुद्र उजवीकडेच आहे असे वाटते. गुरुजी ‘अभी!’ म्हणून ओरडे आणि मी भलतीकडे मान वळवून पाही, तोवर लाट मला तोंडावर आपटून पुढे गेलेली असे. अकराव्या दिवशी मी उभा राहिलो. चार सेकंद, पत्नीच्या मोजणीप्रमाणे तीन. त्या तीन सेकंदांत कानातला रातकिडा ओरडत होता की नव्हता हे मला आठवत नाही.

आता दर वर्षी आम्ही तेथे जातो. गेल्या एप्रिलातील एक सकाळ सांगतो. रात्रीतून उसळी आली होती आणि बटलर बेमध्ये एकामागून एक अशा सरळ, गुळगुळीत लाटा उभ्या राहत होत्या. तशा लाटा हंगामात दोन-तीन दिवसच लाभतात. मी फळी काखेत मारून पाण्याशी गेलो. त्याने नेहमीप्रमाणे विचारले, ‘आंकल, तबीयत?’

मी लाटांकडे पाहिले. मग म्हणालो, ‘गुडघा दुखतो आहे. कालपासून.’

‘तो आज नहीं,’ असे म्हणून त्याने माझ्या काखेतली फळी काढून घेतली, वाळूत उताणी ठेवली आणि एकटाच आत गेला. मी माघारी येऊन पत्नीशेजारी बसलो. चुकून तिच्या उजवीकडे बसलो होतो. ती उठली आणि माझ्या उजव्या बाजूस येऊन बसली. दुपारपर्यंत आम्ही त्याचे पडणे आणि उभे राहणे पाहत होतो. लाटा फारच चांगल्या होत्या.