ढालकिड्याचं घड्याळ

रात्रीचे दोन वाजले होते. हातात स्टॉपवॉच घेऊन मी पेट्री डिशवर वाकले होते. ढालकिड्याच्या अळीनं चवळीवरचा एक काळा मावा जबड्यात धरला, पानावरून वर उचलला, चोखून घेतला आणि रिकामी सालटी टाकून दिली. मग ती जागीच थांबली, तोंड साफ केलं, आणि बऱ्याच वेळानं पुढचा मावा शोधायला निघाली. तेव्हा मी बटण दाबलं. मावा धरल्यापासून पुन्हा चालू लागेपर्यंतचा हा वेळ, म्हणजे ‘हाताळणीचा वेळ’, मिळवण्यासाठी माझी कितीतरी वर्षं गेली आहेत.

लोटका (1925) आणि व्होल्टेरा (1926) यांच्या भक्ष्य-भक्षकांच्या मूळ समीकरणांत भक्ष्य दुप्पट झालं की भक्षकाचं खाणंही दुप्पट होतं. डिशमध्ये तसं होत नाही. पाच माव्यांचे दहा केले तर खाणं चांगलं वाढतं; पण मावा आधीच भरपूर असेल, तर आणखी टाकून फारसा फरक पडत नाही. शोधायला वेळ लागला नाही तरी प्रत्येक घासाला तो लागतोच. एका माव्याला दहा मिनिटं धरली, तर दिवसाची मिनिटं 1440. म्हणजे 144 च्या पुढे मजल नाही, मग समोर हजार मावे असोत.

कॅनडातले कीटकशास्त्रज्ञ होलिंग यांनी 1959 साली हे टेबलावर दाखवलं. तीन फूट चौरस टेबलावर सँडपेपरच्या चकत्या टाचल्या, एका व्यक्तीचे डोळे बांधले आणि बोटानं चाचपत चकत्या गोळा करायला सांगितलं. शोधाचा वेग आणि हाताळणीचा वेळ, एवढ्या दोन संख्यांवर त्यांचं समीकरण उभं राहिलं. इतका साधा आणि इतका नेमका प्रयोग मला दुसरा ठाऊक नाही.

त्यातला शोधाचा वेग मात्र डिशमध्ये फुगतो. शेतात अळीला पानाची खालची बाजू, शेंगा, कोवळे शेंडे धुंडाळावे लागतात, आणि माव्यातून स्रवणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्याची राखण करणाऱ्या मुंग्या तिला हुसकावतात. म्हणून डिशमधला आकडा तसाच शेताच्या गणितात घालू नये, असं मी विद्यार्थ्यांना बजावते.

त्यात माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लांना जन्म देते. ढालकिड्याची अंडी, अळी, कोष हे सगळं होईस्तोवर मावा वाढून कुठल्या कुठे गेलेला असतो. म्हणून ढालकिड्यासारखा मित्रकीटक उपयोगी पडतो तो मावा थोडा असताना.

आणि फवारणी? पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रियाटिक समुद्रात मासेमारी घटली, तेव्हा बाजारात येणाऱ्या माशांत शार्कसारख्या शिकारी माशांचा वाटा वाढला. हे आकडे जीवशास्त्रज्ञ डांकोना यांनी जमवले होते. त्यांचा अर्थ लावताना व्होल्टेरांना दिसलं, की भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही सारखं मारणारं काहीही शेवटी भक्ष्याच्याच पथ्यावर पडतं. सरसकट मारणारं कीटकनाशक नेमकं हेच करतं. 2002 साली सांगली भागात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा हाताशी फवारणीच होती. पुढे तो आवरण्यात डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांचा मोठा वाटा राहिला.

ढालकिड्याची अळी काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्या मगरीसारखी असते. पुष्कळ शेतकरी तिलाच कीड समजून चिरडतात. पंप पाठीवर घेण्याआधी दहा-वीस पानं उलटून पाहा. ती दिसली, तर पंप खाली ठेवा आणि दोन दिवसांनी तीच पानं पुन्हा मोजा.