विकतची शांतता

सोलापूरचा माणूस हळू बोलत नाही, अशी पुण्या-मुंबईकडे आमची ख्याती आहे. एखाद्या लग्नकार्यात आम्ही चार सोलापूरकर कोपऱ्यात सुखदुःखाच्या गोष्टी बोलत बसलो, की तेथे भांडण जुंपले आहे असे वाटून कोणी तरी समंजस गृहस्थ मध्यस्थीसाठी उठतो. याचे खापर कोणी आमच्या उन्हावर फोडतो, तर कोणी शेंगदाण्याच्या चटणीवर. मला मात्र याचे कारण निराळे वाटते. १८७७ च्या सुमारास या गावात पहिली कापडगिरणी सुरू झाली. तीच पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या गिरण्यांच्या भोंग्यावर येथे चुली पेटल्या, पोरे शाळेत गेली आणि घड्याळे लावली गेली. पुढे एकेक गिरणी मिटली, भोंगे मुके झाले. पण गावाच्या पूर्व भागात यंत्रमागांची खटखट आजही चालू आहे. जगाला सोलापुरी चादरीची ऊब ठाऊक आहे. ती चादर किती आवाज करून जन्माला येते, हे मात्र आम्हांलाच ठाऊक! अशा गावात वाढलेल्या माणसाने कुजबुजायचे कसे?

हे सारे आठवायला निमित्त झाले दोन डब्यांचे. आमचे मेहुणे पुण्यास संगणकाच्या व्यवसायात आहेत. मध्यंतरी ते घरी आले तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होतो आणि भिंतीपलीकडचे चार माग आपले काम करीत होते. त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी पिशवीतून दोन चिमुकल्या डब्या काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, “भावजी, यांत शांतता आहे. पंधरा दिवस दोन्ही वापरून पाहा. आवडेल ती ठेवा, उरलेली मी नेईन.”

एका डबीत काळी जोडी होती, सोनी कंपनीची. तिचे नाव डब्ल्यूएफ-१००० एक्सएम ५. माणसाचे असे नाव असते तर हजेरी घेता घेताच माझा तास संपला असता. दुसरी पांढरी जोडी अॅपल कंपनीची, एअरपॉड्स प्रो, दुसऱ्या पिढीची. पांढरी २०२२ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा तिची किंमत २६,९०० रुपये होती. काळी २०२३ मध्ये आली ती २४,९९० रुपयांना. पांढऱ्या जोडीतल्या एका नगाचे वजन ५.३ ग्रॅम, काळ्यातल्याचे ५.९. म्हणजे हिशेब अर्ध्या तोळ्याच्या आतबाहेरचा. या भावाचे काही कानात घालायचे तर ते सोन्याचेच असावे, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले.

आता या डबीतून शांतता निघते कशी? सिद्धेश्वराच्या तळ्यात एक खडा टाकला की लाटा उठतात. शेजारी दुसरा टाकला की दुसऱ्या लाटा उठतात. एका लाटेचा उंचवटा जेथे दुसरीच्या खळग्याला नेमका भेटतो, तेथे पाणी सपाट होते. आवाज म्हणजे हवेतली लाटच. या नगात इवलेसे ध्वनिग्राहक असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात, आतले यंत्र क्षणार्धात त्याची नेमकी उलटी लाट तयार करून कानात सोडते आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात. आवाज आवाजानेच मारायचा, काट्याने काटा काढायचा!

ही कल्पना पॉल ल्यूग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाची. तिचे अमेरिकन पेटंट त्याला १९३६ मध्ये मिळाले. पण त्या काळच्या यंत्रांना इतकी चपळाई साधणारी नव्हती. पुढे १९७८ मध्ये झुरिचहून बोस्टनला निघालेल्या विमानात एका प्राध्यापकाने गाणे ऐकण्यासाठी कानाला यंत्र लावले, तेव्हा इंजिनाच्या घरघरीत गाणे बुडून गेले. त्याने तेथेच कागद काढून गणिते मांडली. हे अमर बोस. त्यांचे वडील बंगालचे. इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत पडून अमेरिकेस गेलेले. बोस यांच्या कंपनीने १९८९ मध्ये वैमानिकांसाठी अशी कर्णयंत्रे बाजारात आणली आणि २००० पासून ती तुमच्याआमच्यासारख्यांना मिळू लागली. प्रवासात कंटाळलेला प्राध्यापक मीही अनेकदा होतो. माझ्या हातून फार तर एखादे शब्दकोडे सुटते.

पंधरा दिवस मी अगदी नेकीने परीक्षा घेतली. पहिला पेपर घरातल्या आवाजांचा. पंखा, फ्रिज आणि पाण्याची मोटर यांची घरघर दोन्ही जोड्यांनी पुसून टाकली. त्यात काळीचा हात किंचित वरचढ. तिची टोके मऊ फोमची असतात. ती चिमटीत दाबून कानात धरायची, म्हणजे फुगून कानाचे दार बंद करतात. पांढरीची टोके रबरी. ती पटकन बसतात आणि कान अवघडत नाही. एकसुरी, खर्जातला आवाज या यंत्रांना सहज सापडतो, कारण पुढची लाट कशी येणार याचा अंदाज बांधता येतो. अवचित आणि तीव्र आवाजाशी मात्र गाठ पडली की दोघी नरम पडतात. कुकरची शिट्टी दोन्हींतून आत आली, वर्गणी मागायला आलेल्या मंडळींचा आवाजही आला. मागांचे म्हणाल तर मोटरीची गुरगुर गेली, पण धोट्याचा ठोका उरला. चार घरे पलीकडून आल्यासारखा.

दुसरा पेपर सोयीचा. काळी एका दमात आठ तास चालते, पांढरी सहा. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्यास जायचे तर दोन्ही पुरून उरतात. त्या प्रवासात एक गुण मात्र पक्का लक्षात आला. एरवी गाडीच्या खडखडाटावर मात करायला आपण गाण्याचा आवाज वाढवीत जातो आणि कानांना तेच अधिक बाधते. बाहेरचा गोंगाट गेला की हळू लावलेले गाणेही पुरते. काळ्या जोडीत आणखी एक अजब सोय आहे: तुम्ही बोलू लागलात की ती आदबीने गाणे थांबवते. पण उत्तरपत्रिका तपासताना, “अरे गाढवा, हे कोणी सांगितले तुला?” असे मी दर पानाला पुटपुटतो. भीमसेनजी दर पानाला थांबू लागले तेव्हा मी ती सोय बंद केली. पांढरीची अडचण निराळी. तिचे सारे गुण आपल्याच घराण्याच्या फोनबरोबर फुलतात. माझ्या साध्या अँड्रॉइड फोनशी ती कामापुरते बोलते. सौभाग्यवतींच्या, म्हणजे भावाने दिलेल्या, आयफोनशी मात्र माहेरच्या माणसासारखी हितगुज करते.

तिसरा पेपर बाहेरचे ऐकू येण्याचा. दोन्ही जोड्यांत अशी सोय आहे की कानातून काही न काढता बाहेरचा आवाज आत घ्यावा. काळीतून माणसे बोलली की रेडिओवर बोलल्यासारखी वाटतात. पांढरीतून इतके स्वच्छ ऐकू येते की कानात काही आहे याचाच विसर पडतो. तेव्हा मला हा गुण किरकोळ वाटला. बंद करण्यासाठी घेतलेल्या वस्तूचे उघडणे कोण पाहतो?

मग वडिलांनी ती पाहिली.

वडील पंचाऐंशीच्या घरात आहेत. तीस वर्षे त्यांनी एका गिरणीच्या मागखात्यात काढली. तेथे शेकडो माग एका छताखाली चालत. शेजारच्याशी बोलायचे तर हातवारे करायचे, ओठांकडे पाहायचे. आज कायदा सांगतो की कामगाराच्या कानावर आठ तासांत ९० डेसिबलहून अधिक आवाज पडू नये; आणि हे माप असे आहे की ९० चे १०० झाले तर आवाजाची शक्ती दहापट होते. कानाच्या आतल्या शंखात सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. एवढ्या आवाजात वर्षे गेली की त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. त्यातही बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. कानाच्या डॉक्टरांनी हे समजावून सांगितले तेव्हा माझ्यातला मराठीचा मास्तर चरकला. स, श, फ, च यांचा सारा जीव त्या उंच पट्टीत असतो. म्हणजे वडिलांच्या कानातली व्यंजने गेली आणि स्वर तेवढे राहिले. मी बोलतो आहे हे त्यांना कळते. काय बोलतो आहे ते कळत नाही. ज्याच्या मुलाने आयुष्यभर लोकांना व्याकरण शिकवले, त्याच्यापर्यंत मुलाचे निम्मे अक्षरच पोचत नाही.

त्यांचे श्रवणयंत्र टेबलाच्या खणात पडलेले असते. ते लावले की भांडे पडल्याचा आवाज डोक्यात घणासारखा बसतो, असे ते म्हणतात. पांढऱ्या जोडीला श्रवणयंत्राचे कामही करता येते, तशी अनुमती अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ च्या सप्टेंबरात दिली, असे मी वाचले होते. मोठ्या आशेने डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, “सर, ते थोडे किंवा मध्यम कमी ऐकू येणाऱ्यांसाठी. तुमच्या वडिलांचे प्रकरण त्यापुढचे आहे. आहे ते यंत्र पुन्हा नीट जुळवून घेऊ, त्यांना रोज थोडा वेळ लावायला सांगा.”

तरी एका संध्याकाळी वडिलांनी ती जोडी हातात घेतली. उलटसुलट करून कानात घातली. मग मला म्हणाले, “काय होतं म्हणे यानं?”

मी कागदावर लिहून दाखवले, “बाहेरचा आवाज बंद होतो.”

“आणि किती रुपये?”

मी तेही लिहिले. वडील इतके हसले की पलीकडच्या मागवाल्यांनाही ऐकू गेले असेल. “अरे, मला हेच गिरणीनं पगार देऊन बसवून दिलं की! आणि बॅटरीसुद्धा लागत नाही.”

मीही हसलो. रात्री मात्र झोप लागेना. माझ्या शांततेला कळ आहे. ती दाबली की जग परत येते. त्यांच्या शांततेला तशी कळ नाही, आणि ती हवी का असे त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी औषधांच्या दुकानातून फोमच्या साध्या कानबोळ्यांचे पाकीट आणले. गुंडाळून नीट आत बसवले तर हे बोळे आवाज चांगलाच रोखतात आणि पंचवीस हजारांच्या व्याजातही कितीतरी येतात. ते घेऊन भिंतीपलीकडे गेलो. आत चौघे कामगार बारा बारा तासांची पाळी करतात. माझ्या फोनमधले आवाजाचे माप काही शास्त्रशुद्ध नव्हे, पण दारातच ते पंचाण्णवच्या पुढे सरकले होते. त्यांतला एक तिशीतला तरुण तेलुगू वळणाच्या गोड मराठीत बोलतो. मला तो नेहमी नमस्कार करतो. त्याला बाहेर बोलावून बोळे दाखवले, वडिलांची गोष्ट सांगितली. तो ऐकून घेत म्हणाला, “बरोबर आहे सर. पण दोन्ही कान बंद केलं तर माग काय बोलतंय ते कळायचं कसं? धागा तुटला, धोटा अडकला, पहिलं कानालाच कळतंय. चादर खराब झाली तर पैसं माझंच कापतेत.”

यावर मास्तरकीचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आवाज हा माझ्या लेखी गोंगाट होता. त्याच्या लेखी ती कामाची भाषा होती. तरी मी आग्रह धरला. बोळ्यांनी आवाज कमी होतो, नाहीसा होत नाही. आठ दिवस सवय करून पाहा, म्हणालो. आता तो मोटरीच्या बाजूच्या कानात बोळा घालतो. दुसरा कान मागासाठी उघडा ठेवतो. “एक तर वाचेल,” म्हणतो. बाकी तिघे अजून कापसावरच आहेत, आणि कापसाने फारसे काही अडत नाही, हे मी त्यांना जातायेता सांगत असतो.

पंधरा दिवस संपले. मेहुण्यांचा फोन आला, “भावजी, निकाल?” गुणांची बेरीज केली तर काळी जोडी पुढे होती: शांतता थोडी अधिक, दम अधिक, माझ्या फोनशी सख्य. मी पांढरी ठेवून घेतली. त्यांना नवल वाटले. ज्या घरात एकाला ऐकू येत नाही, तेथे दुसऱ्याने कान बंद करून बसणे परवडत नाही, एवढेच मी त्यांना सांगितले. वडील आतून हाक मारतात ती मोठ्याने मारतात खरी, पण मागचा शब्द हळू असतो, आणि कामाचा तोच असतो. पांढरीतून तो शब्द नीट येतो.

आता रात्री जेवणानंतर दोन तास मी ती लावून उत्तरपत्रिका तपासतो. दिवसा ती डबीत असते. आणि सकाळी चहाच्या वेळी वडील श्रवणयंत्र लावून अर्धा तास माझ्यासमोर बसतात. मी वर्तमानपत्र वाचतो, स आणि श वर जरा अधिक जोर देऊन. परवा त्यांनी मला मध्येच थांबवून विचारले, “‘शहर’ म्हणालास ना?”

मी ‘शहर’च म्हणालो होतो.