विंचू उतरला कोणी?

वसई तालुक्यातल्या आमच्या चांदीपला भातकापणी झाली की पेंढ्यात हात घालण्यापूर्वी जुनी माणसे काठी आपटून घेत. विंचवाचे भय! आणि चावलाच, तर उतरवणारेही कोणी ना कोणी असेच. कोणाच्या मुळीला गुण, कोणाच्या मंत्राला. वाचकहो, हसू नका. त्यांच्याकडे गेलेली बहुतेक माणसे खरोखरच बरी होत. काळ्या विंचवाचा ठणका रात्रभर सोसला की माणूस सकाळी आपला आपण उठतो. श्रेय मात्र मुळी घेऊन जाते.

कोकणातला तांबडा विंचू निराळा. त्याच्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा असे रुग्ण त्यांच्यासमोर दगावत होते. पुस्तकात नेमका उपाय नव्हता. तेव्हा या जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाने रुग्णाच्या उशाशी बसून टिपणे करायला सुरुवात केली : उलटी केव्हा झाली, घाम किती सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी काय सांगते. या लक्षणांवरून पुढचा धोका आधीच ओळखता येतो, हे त्यांचे निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. बिरवाडी कुठे नि लंडन कुठे!

पुढे त्यांनी प्राझोसिन वापरले. रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. पूर्वी अशा गंभीर रुग्णांत शेकडा तिसाच्या घरात असलेले मरण अगदी थोड्यांवर आले.

एखाद्याने एवढ्यावर हारतुरे घेऊन समाधान मानले असते. पण 'मी दिले आणि गुण आला' एवढेच म्हणायचे, तर मुळीवालाही तेच म्हणतो! दरम्यान हाफकिनची प्रतिविष लस हाती आली होती. ती जोडीला दिल्याने काही जास्त साधते का? हिंमतराव आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनीबाई यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात सत्तर रुग्ण घेतले. कोणाला काय द्यायचे, ते डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता सोडतीसारखे ठरले. पस्तीस जणांना नुसते प्राझोसिन, पस्तीस जणांना प्राझोसिन आणि लस. दहा तासांनी पाहिले, तर लसवाल्यांत बत्तीस जण पूर्ण बरे. नुसत्या गोळीवाल्यांत आठच. म्हणजे ज्या गोळीने त्यांना नाव दिले, ती एकटी कमी पडते, हे त्यांनी स्वतःच मोजून २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जाहीर केले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला मात्र ते बत्तीस आणि आठ हेच आकडे अधिक मोलाचे वाटतात.

मुळीवाल्याने कधी मोजले नाही. त्याच्या दारातून परत गेलेले आणि वाटेत मेलेले त्याच्या हिशोबात येतच नाहीत. म्हणून चांदीपात कोणी 'विंचू उतरला' असे सांगू लागले, की मी आधी विचारतो, विंचू काळा होता की तांबडा? घाम सुटला होता का? आणि दवाखान्यात किती वेळाने नेले?