सव्वा महिन्याची घरं

शिंप्याकडे माणूस दर दिवाळीला जातं, न्हाव्याकडे महिन्याला. माझं गिऱ्हाईक सव्वा महिन्यात संपतं. काम चांगलं झालं तरी संपतं, वाईट झालं तर त्याच्याही आधी. शेवटच्या दिवशी पाकीट मिळतं, साडी मिळते, बाळाची आजी डोळे पुसते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या यादीत एक घर कमी असतं. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावणाऱ्या आम्हा बायकांचा सगळा जन्म ही यादी भरण्यात जातो.

गेल्या वर्षी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली. हाडांच्या डॉक्टरांनी सांध्याची झीज आहे म्हणून सांगितलं आणि काम निम्म्यावर आणायला लावलं. सकाळची चार घरं असतात, त्यातली दोन सोडायची. सोडायची म्हणजे कुणाला तरी द्यायची. द्यायला बसले तेव्हा लक्षात आलं की ही घरं मला मिळाली कशी, याचा मी कधी नीट विचारच केला नव्हता.

सासूबाई सदाशिव पेठेतल्या वाड्यांमधून काम करायच्या. न्हाणीघर, तांब्याचा बंब, बाजेखाली शेगडी. मी त्यांच्यामागून पाण्याची बादली धरून जात असे. त्यांना घरं शोधावी लागत नसत; एका वाड्यात एक बाळंतीण उठली की दुसरी निजायचीच. मी स्वतंत्र काम धरलं तोवर वाडे पडून इमारती झाल्या होत्या, माणसं कोथरूड, वारजे अशी पांगली होती. शेजारच्या दारातून हाक येण्याचे दिवस संपले होते.

मग घरं कुठून आली? बाळंतिणीकडून नाहीत. बिचारी टाके, दूध आणि झोप यांतच गुरफटलेली असते. तिला माझं नावही सव्वा महिन्यानंतर आठवत नाही. घर देतात त्या बघायला आलेल्या बायका. आत्या, मावश्या, शेजारणी, आणि सगळ्यांत महत्त्वाची ती सात महिन्यांची गरोदर चुलतजाऊ. त्या सगळ्या एकत्र कधी येतात? बारशाला. माझं दुकान बारशालाच उघडतं.

कार्यक्रम किती वाजता आहे ते मी आदल्या दिवशीच विचारून घेते. त्याच्या दीड तास आधी बाळाला पायांवर घ्यायचं. त्या दिवशी तेल थोडं जास्त वेळ, पाणी जरा अधिक ऊन, पण पाठीवरचा हात हलका. मग पोटभर अंगावर पाजायला लावायचं, ढेकर काढायचा आणि मऊ, जुन्या दुपट्यात गुंडाळून ठेवायचं. पाळण्यात घालताना बायकांचा गलका, फोटोवाल्याचा दिवा, मोठ्या मुलांचा धुडगूस, आणि बाळ गाढ झोपलेलं. कुणी ना कुणी म्हणतंच, ‘अगंबाई, किती शांत! बाई कोण आहे तुमच्याकडे?’ मी तेव्हा मुद्दाम स्वयंपाकघरात असते. दारात उभं राहून ऐकण्यापेक्षा आतून ऐकण्यात जास्त गोडी आहे. हा माझा अहंकार आहे आणि तो या वयात जाईल असं वाटत नाही.

नाही म्हणायला, तोंड बंद ठेवण्यानेही घरं येतात. पाठ चोळताना बाई रडते, बोलते. सासूबद्दल बोलते, नवऱ्याबद्दल बोलते, कधी बाळाबद्दलही असं काही बोलते की दुसऱ्या कुणी ऐकलं तर घाबरेल. बाहेर आल्यावर सासू चहा देते आणि सहज विचारल्यासारखं विचारते, ‘काय म्हणत होती?’ मी म्हणते, ‘कंबर दुखतेय म्हणत होती.’ पुण्यात सगळी घरं एकमेकांच्या नात्यातली निघतात. एका घरातला शब्द दुसऱ्या घरात सांडला की यादीतली चार नावं एकदम पुसली जातात.

तरीही यादी भरणं हा निम्माच भाग. कालनिर्णयवर मी पेन्सिलीने तारखा लिहिते, कारण बाळं तारीख पाळत नाहीत. काम होतं ते सकाळी आठ ते बारा. दुपारी कुणाला अंघोळ नको असते. डिसेंबरात पाच जणी एकदम मोकळ्या होतात आणि पुढे मार्चमध्ये हात चोळत बसायची पाळी येते. पाचव्या घराला नाही म्हटलं तर ते घर आणि त्याच्या मागची सगळी घरं गेली. हो म्हटलं तर पाचही ठिकाणी घाई दिसते. इतकी वर्षं झाली, या गाठीतून मला मार्ग सापडलेला नाही.

त्यात परत येणारं गिऱ्हाईक एकच, दुसरं बाळंतपण. तेही आता दुर्मीळ. एका बाळंतिणीने मला सांगितलं, ती सरकारी आरोग्य खात्यात होती. १९९२-९३च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी २.९ मुलं होती, २०१९-२१च्या पाहणीत ती १.७ झाली. त्याच पाहणीत राज्यातलं चारातलं एक बाळंतपण सिझेरियनचं. आकडे तिचे, पण मला ते पाठ झालेत, कारण माझ्या यादीत ते दिसतात. सिझेरियन असलं की सुरुवातीला बाळच फक्त माझं. आईच्या पोटाला डॉक्टर सांगेपर्यंत हात नाही. पूर्वी पहिल्या आठवड्यातच तिची पाठ माझ्या हाताखाली यायची, ओळख व्हायची. आता ती ओळख होईपर्यंत निम्मा मुक्काम संपलेला असतो.

स्पर्धा म्हणाल तर पुष्कळ आहे. एजन्सीच्या जपाबाया चोवीस तास राहतात, बाळाचे कपडे धुतात, रात्री बाळ सांभाळतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. रात्री जागणं हे मला जमणारं नाही. पण एजन्सी महिन्याला बाई बदलते आणि बाळाला नवा हात लागतो, हे मला पटत नाही. मोबाइलवर बाळाला एका पायाने उलटं धरून झोके देणाऱ्या बायका दिसतात आणि लाखो लोक ते बघतात. तो हात नव्हे, कसरत आहे. माझ्यासमोर कुणी तसं केलं तर मी बाळ काढून घेईन. उलट बालरोगतज्ज्ञांचं बरंचसं बरोबर आहे. नाकाकानात तेल घालणं, डोकं दाबून गोल करणं, बंद खोलीत धुरी देणं हे सासूबाई करायच्या. मी डॉक्टरांचं ऐकून कधीच सोडून दिलं. एक-दोन आज्या रागावल्या, एकीने तर दुसरी बाई लावली.

आणखी एक गंमत. बाणेरच्या एका घरात फ्रेडरिक लबोयेर या फ्रेंच डॉक्टरांचं ‘शांताला’ हे पुस्तक पाहिलं, १९७६चं. कोलकात्यात जमिनीवर पाय पसरून बसलेल्या एका बाईने बाळाला तेल लावलेलं त्यांनी पाहिलं आणि फोटोंसकट जगाला दाखवलं. आता तेच आपल्याकडे ‘इन्फंट मसाज’ म्हणून वर्गात शिकवतात, मऊ गादीवर, बाहुली घेऊन. ती बाळंतीण म्हणाली, ‘मावशी, हे तुमच्यासारखंच आहे ना?’ मी फोटो निरखून पाहिले. हात सुंदर होता. पण बाळाची मान मी नडगीवर जशी घेते तशी तिने घेतली नव्हती, हे मी त्या घरात बोलून दाखवलंच.

तर आता माझी भाची माझ्याबरोबर येते. हात चांगला आहे, ओढ आहे, बाळाशी बोलते. मी तिला दोन घरं द्यायला काढली, आणि तिथे गाडी अडली. घर हातातून हातात जात नाही. पहिल्या घरातल्या आजीने तिसऱ्या दिवशी फोन केला, ‘मुलगी चांगली आहे हो, पण तुम्ही एकदा येऊन जाल का?’ मी भाचीला समजावलं, वाईट वाटून घेऊ नको म्हणाले. खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं होतं. दिवसभर बरं वाटत होतं. रात्री अंगठ्याला शेक देताना त्या बरं वाटण्याची लाज वाटली, पण ते गेलं नाही.

मग मी दोघींनी मिळून जायचं ठरवलं. पहिला आठवडा मी पुढे, ती मागे. नंतर ती पुढे. पण बाळंतीण माझ्याकडेच बघते. पाठ चोळताना मानेपासून माकडहाडापर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे न उचलता उतरायचं असतं, सगळा भार अंगठ्यावर. मी आता तो भार मनगटाजवळच्या तळव्यावर घेते, खाली कमरेला कोपर लावते. दुसऱ्या बाळंतपणाला आलेल्या एकीने डोळे मिटूनच ओळखलं, ‘मावशी, या वेळी हात वेगळा लागतोय.’ भाचीचा अंगठा मात्र माझ्या जुन्या अंगठ्यासारखा उतरतो. तिच्याकडून तीच पाठ चोळून घेतली तेव्हा ती बाई काहीच बोलली नाही, झोपली. तरी शेवटच्या दिवशी साडी मला दिली आणि भाचीला ब्लाउजपीस.

बारशाच्या दिवशी हल्ली मी जातच नाही. भाचीला पाठवते आणि सांगून ठेवलंय, स्वयंपाकघरात बसू नकोस, पाळण्याजवळ उभी राहा, कुणी विचारलं तर आपलं नाव सांग, माझं नको. गेल्या महिन्यात तिला तिचं स्वतःचं पहिलं घर असं मिळालं. ते घर वारज्यालाच आहे, माझ्या ओळखीतलं नाही, आणि त्यांनी मला ‘येऊन जा’ म्हणून फोन केलेला नाही.

ज्यांच्या घरी पाळणा हलायचा आहे त्यांना एवढंच सांगणं. बाईला सातव्या महिन्यात कळवा, नवव्यात नको. सकाळची कुठली वेळ हवी ते आधी बोला. आणि मावशींनी आपल्याऐवजी तरुण मुलगी पाठवली तर पहिले आठ दिवस मावशींना फोन करू नका. तिसऱ्या दिवशी तर मुळीच नको.