हे तुमच्याकडचं

“आमच्याकडे असलं काही नाही. हे तुमच्याकडचं.” मस्कतच्या हॉस्पिटलात बाळ निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून पडलं होतं, मी ओली बाळंतीण, आणि सासूबाई चांगल्या मोठ्या आवाजात हे बोलल्या. मुलगा आता शाळेत जातो, तरी ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

बाळाला कावीळ झाली होती आणि रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी निघालं. ते कमी असलं की तांबड्या पेशी काही पदार्थांपुढे, काही औषधांपुढे टिकत नाहीत, फुटतात. ओमानमध्ये साधारण चार पुरुषांमागे एकाला ही कमतरता असते, त्यामुळे तिथे कुणाला धक्का बसत नाही. ओमानी नर्स छान हिंदीत म्हणाली, “माझ्या दोन्ही भावांना आहे. फूल खायचं नाही, बस.” फूल म्हणजे फावा बीन्स, शिजवून, वर ऑलिव्हचं तेल घालून अरब लोक न्याहारीला खातात.

नंतर डॉक्टरांनी कागदावर एक्स आणि वाय काढून दाखवलं. जनुक एक्सवर असतं, मुलाला एक्स मिळतो तो आईकडून, बापाकडून वाय. सासूबाईंनी विचारलं, “म्हणजे आमच्या मुलाचा ह्यात संबंध नाही, असंच ना?” डॉक्टर म्हणाले, नाही. झालं! शास्त्रानेच शिक्का मारून दिला. नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. आता वाटतं, माझा खरा राग त्याच्यावरच आहे. सासूबाई निदान चूक तरी बोलत नव्हत्या. त्याने मात्र एवढं म्हणायला हवं होतं की आई, बाबांना मधुमेह, दादाला मधुमेह, माझी साखर चाळिशीच्या आत वाढलेली, ते कुणाकडचं? पण त्यांच्या घरात मधुमेह ‘वयामुळे’ होतो किंवा ‘धावपळीमुळे’. बाईकडून आलं तरच ते खानदानी. मुलाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हे सांगितलं गेलं, चहाच्या आधी.

आणि खरंच ते माझ्याकडचंच. आईने फोनवर कल्याणच्या मामाची गोष्ट सांगितली. हिवतापाच्या गोळ्या घेतल्या आणि त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे. काविळीचं झाडपाल्याचं औषध दिलं, हळद-तेल बंद केलं. प्रायमाक्विन हे हिवतापाचं औषध अशा माणसांचं रक्त फोडतं. ही कमतरता 1956 साली त्याच औषधाच्या अभ्यासातून सापडली. भारतातल्या एका प्रकाराचं नावच ‘केरळ-कल्याण’ आहे. जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या होता तिथेच हे जनुक टिकलं, कारण ते जीवघेण्या हिवतापापासून थोडं वाचवतं. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कुकर लावायला गेल्या.

मग मोबाइलवर कुणीतरी यादी पाठवली: सगळी कडधान्यं बंद. वाल, चवळी, मसूर, हरभरा. कोकणातल्या माणसांच्या घरात बिरडं बंद! डॉक्टर म्हणाले, रक्त फोडणारं व्हायसिन फावामध्ये असतं, वालाला कशाला घाबरता. कारल्याच्या बियांतही ते सापडतं, पण बिया आपण तशाही काढतो. ज्याला घाबरायचं ते दुसरीकडेच होतं. माझ्या आईने पाठवलेली मऊ दुपटी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली होती, आणि त्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन अशा तान्ह्या बाळाला फार वाईट. ईदला शेजारीण प्रेमाने बाळाच्या तळव्यांना मेंदी लावायला आली. तिला दारातच हात जोडले, कारण मेंदीनेही अशा बाळांचं रक्त फुटल्याची उदाहरणं आखातात आहेत. फलाफल दुकानागणिक वेगळं: कुठे नुसते छोले, कुठे फावा मिसळलेले. खाऱ्या दाण्यांच्या मिक्स पाकिटात तळलेले फावा बिनदिक्कत पडलेले असतात.

यादीला हसणारी मी, पण आता पाकिटावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय काही घरात येऊ देत नाही. वाढदिवसाच्या पार्टीत मुलाच्या ताटलीवर माझीच नजर. सासूबाई म्हणतात, “इतकं काय घाबरतेस!” त्यांनी म्हणावं हे!

पाहुण्यांसमोर सून उभी करण्यापेक्षा घरातल्या मुलग्यांची रक्ततपासणी करा, विशेषतः कुणाला प्रायमाक्विन द्यायचं असेल तेव्हा. बाळाची दुपटी डांबराच्या गोळ्यांत ठेवू नका. मूल पांढरं पडलं, लघवी गडद झाली तर थेट दवाखाना गाठा आणि दोन-तीन दिवसांत काय खाल्लं, कोणतं औषध दिलं ते सांगा. बिरडं मात्र खुशाल करा; आमच्याकडे दर आठवड्याला होतं.