आत्या, तुझ्या व्हॅनचं दुखणं सापडलं



फोनवर हे सांगायला गेलो की तू मध्येच "चालू झाली ना? मग सोड" म्हणतेस आणि नातवंडांच्या परीक्षांवर जातेस. म्हणून लिहितोय. तुझी व्हॅन नीट झाली. गिअरबॉक्स उतरवला नाही, क्लच प्लेट टाकली नाही, कार्बोरेटरला हातही लावला नाही.

पण आधी भांडण. पुण्याला जाताना तू मला किल्ली दिलीस, सरकतं दार जरा उचलूनच ओढायचं म्हणून बजावलंस, वायपरची खोड सांगितलीस. ही गाडी चालता चालता बंद पडते, एवढंच सांगायचं राहिलं? एका शेतकऱ्याची पाण्यातली मोटार वाइंडिंग करून पोचवायला सोनारीकडे निघालो होतो. तिसऱ्यातून दुसऱ्यात घ्यायला क्लच दाबला आणि इंजिन गप्प. मागं दोन ट्रॉल्या ऊस ओढणारा ट्रॅक्टर, त्याचा हॉर्न. तुला फोन लावला तर काय म्हणालीस आठवतं? "हो, करते ती तसं. किल्ली बंद कर, थोडी थांब, मग मार." म्हणजे तुला माहीत होतं. आणि किती दिवस अशी एकटी रस्त्याच्या कडेला थांबत होतीस गं? एकदा तरी मला फोन करावासा वाटला नाही?

परंड्यात सल्ल्याला काय तोटा! चहाच्या टपरीवर प्रत्येकाचं निदान वेगळं. कुणी म्हणालं कॉइल तापते, कुणी म्हणालं टाकीत कचरा झालाय, कुणी थेट भंगारवाल्याचा भाव सांगितला. एक जण तर म्हणाला, "आपल्या किल्ल्यातली मुलुख-मैदान तोफ १६३२ साली विजापूरला गेली, पंचावन्न टनांची, आणि बाईंची व्हॅन बार्शीला पोचंना!" मी हसलो, पण मनात लागलं. या गाडीनं बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात आपल्या गल्लीतली किती माणसं नेली-आणली, ते त्याला ठाऊक नव्हतं. सिनेमात माणसं पळवायला नेहमी हीच गाडी. आपल्याकडं हिच्यात अडलेल्या बाया निघायच्या आणि परतताना मांडीवर बाळ असायचं. पेट्रोलचे पैसे कुणी देऊ केले तर तू "शाळेच्या कामानं जायचंच होतं" म्हणायचीस. सुट्टीच्या दिवशीसुद्धा!

तू १९९८ ला नवी कोरी आणलीस तेव्हा मी केवढा होतो? किल्ल्याजवळच्या मोकळ्या जागेत तू मला क्लच शिकवलास, पाय एकदम सोडला की डोक्यात टपली. १९८४ मध्ये हे मॉडेल निघालं ते 'मारुती व्हॅन' या नावानं. ओम्नी हे नाव नंतरचं, पण आपण शेवटपर्यंत व्हॅनच म्हणालो. मारुती ८०० चंच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ते पुढच्या सीटखाली. उन्हाळ्यात बसणाऱ्याचं बूड शेकायचं आणि तू म्हणायचीस, गाडीला उन्हाचा त्रास होतो. तिथंच तू मला चुकीच्या रस्त्याला लावलंस बघ.

उन्हाचा त्रास असतो, नाही असं नाही. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल नळीतच उकळून वाफ धरतं आणि पंप नुसता हवा ओढतो. कॉइल तापली तरी करंट जातो. पण अशी गाडी थंड झाल्याशिवाय उठत नाही. ही तर कधी अर्ध्या मिनिटात चालू व्हायची. शिवाय पौषातल्या पहाटेही बंद पडली, अंगात स्वेटर असताना. मग तुला फोनवर विचारलं होतं, आठवतं? आचके देत बंद पडते की फट्दिशी? तू म्हणालीस, फट्दिशी. तू तेवढं एक नीट सांगितलंस त्याबद्दल सगळं माफ. पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी धापा टाकते, झटके देते, चढाला मान टाकते. फट्दिशी जाणारी वस्तू म्हणजे करंट. आणि करंट हे माझं रान.

दुसरी तक्रार गिअरची. पहिला पडत नाही, रिव्हर्सला खर्रकन आवाज, सगळे म्हणत होते गिअरबॉक्स गेला. मी इंजिन बंद ठेवून चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघितले. लोण्यासारखे पडले. इंजिन चालू केलं की परत अडेलतट्टू. याचा अर्थ डब्यात काही बिघडलेलं नाही, क्लच पूर्ण सुटत नाही. पेडल दाबलं तर मध्येच अडकत होतं, वर यायला आळस करत होतं. क्लच वायर धरलेली. ती तर अलीकडंच बदलली होती म्हणालीस. मग?

मग तुझी वही काढली. सीटमागच्या पिशवीत होती, शाळेच्या हजेरीसारखी रकाने आखलेली. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, इतर खर्च. कुणाच्या घरच्या हळदीला गेलीस तेही बारीक अक्षरात. तू मला लहानपणी वहीला समास पाडत नाही म्हणून ओरडायचीस. आता कळलं का. जून २०१९ ला नोंद आहे, 'क्लच प्लेट बदलली'. ज्या वर्षी कंपनीनं ओम्नी बनवायची थांबवली तेच वर्ष. त्याच्या आधीच्या सगळ्या पानांत क्लच वायर एकदाच. त्याच्यानंतर दिवाळीला क्लच वायर. पुढच्या उन्हाळ्यात क्लच वायर. मध्ये कॉइल, बॅटरी, ॲक्सिलरेटर वायर आणि पुन्हा क्लच वायर. आत्या, एवढ्या वायरी का खाते ही गाडी, असं तुला कधी वाटलं नाही? की वाटलं आणि कुणाचं मन दुखवायला नको म्हणून गप्प बसलीस? तू तसंच करतेस.

क्लच प्लेट टाकायची तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. तो घेताना काय काय सोडतात ते आठवत खाली शिरलो. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसवलेले असतात, म्हणजे लोखंडी बॉडीपासून तुटलेले. बॅटरीची मायनस बॉडीला. मग इंजिनाला मायनस मिळावा म्हणून तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी असते, एक टोक गिअरबॉक्सला, एक बॉडीला. चिखलात हात घालून चाचपलं. बॉडीकडचं टोक गंजलेल्या बोल्टावर नुसतं टेकलेलं. गिअरबॉक्स चढवताना कुणीतरी तो बोल्ट रंगावर, मातीवर तसाच फिरवून ठेवलेला, आणि पुढच्या पावसाळ्यांनी उरलेलं काम केलं.

आता बघ कसं जुळतं. स्टार्टर मारला की शंभरेक अँपिअर करंट लागतो आणि तो परत बॅटरीला जायलाच पाहिजे. पाटच बुजला तर पाणी थांबतं का? शेजाऱ्याचा बांध फोडून जातं. इथं शेजारी कोण, तर क्लच वायर. तीही लोखंडाची, इंजिन आणि बॉडी दोन्हींना टेकलेली. बारीकशा वायरीतून एवढा करंट गेला की ती तापते, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं, वायर धरते. वायर धरली की क्लच सुटत नाही, गिअर खरखरतो. आणि गाडी चालताना प्लगचा करंटही त्याच चोरवाटेनं परतत होता. तू गिअर बदलायला क्लच दाबलास, वायर हलली, टेकणं सुटलं की इंजिन गप्प. दोन दुखणी नव्हतीच, आत्या. म्हणून तर नेमकी गिअर टाकतानाच बंद पडायची.

तरी खात्री केल्याशिवाय पाना लावला नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरली आणि एका पोराला किल्ली मारायला लावली. अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं, मीटर अडीचच्या वर गेला. क्लच वायरीला बोटं लावली, चटका. मग बॅटरीच्या मायनसवरून जाड केबल थेट इंजिनाला लावली. स्टार्टर असा फिरला की पोरगं दचकलं. वायर थंड. आमच्या धंद्यात न्यूट्रल सुटला की घरातले बल्ब कुठं मंद, कुठं फुटायला आलेले दिसतात आणि लोक बल्ब बदलत बसतात. तुझ्या गाडीचंही तेच चाललं होतं.

बोल्ट काढला, खालचं लोखंड पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासलं, नवी पट्टी कसून लावली, वर ग्रीस दिलं. जळकी वायर काढून नवी टाकली. त्यानंतर कुर्डुवाडीला जाऊन आलो, भूमला जाऊन आलो, मुद्दाम प्रत्येक गतिरोधकावर गिअर बदलत. एकदाही नाही.

ज्यानं तो बोल्ट तसा सोडला त्याचं नाव वहीत आहे. मी काही बोलायला जाणार नाही, तूही विचारू नकोस. पण तुझा राग येतो मला. तुला कुठल्या फाट्यावर ती बंद पडेल, कुठं उतार आहे, कुठं सावली आहे, सगळं पाठ होतं. गाडीच्या दुखण्याला तू स्वतःच वळण लावून घेतलंस, इतकं की ते दुखणं आहे हेच कुणाला दिसलं नाही. बरं, तुझ्याच रकान्यांनी ते शोधून दिलं हेही खरं. मग भांडू तरी कुणाशी?

आरसीवर अजून तुझंच नाव आहे, २०२८ पर्यंत मुदत. गाडी माझ्या नावावर करायची तर फॉर्म २९ आणि ३० वर तुझ्या सह्या लागतील. दोन्ही सोबत ठेवलेत, सही कुठं करायची तिथं पेन्सिलनं फुल्या मारल्यात. करायच्या तर कर. मला घाई नाही. नाहीतर चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेला ये आणि सोनारीपर्यंत तूच चालव. दार मात्र लावून घेऊ. मागच्या वेळी माकडानं आत शिरून प्रसादाची पिशवी नेली आणि तू त्याच्यामागं चप्पल घेऊन धावलीस, ते तिथले लोक अजून सांगतात. येण्याआधी लायसनची मुदत बघ. डॉक्टरांचा दाखला लागेल, तो पुण्यातच करून घे.

मामांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
रिवाइंडिंगवाला

ता. क. : पुढचं डावं टायर आतल्या बाजूनं घासलंय. हे कधीपासून आहे ते लिहून कळव. फोनवर नको, फोनवर तू "तेवढं चालतं" म्हणशील.