फूल गळल्यावर

मोजडीचं फूल कोमेजत नाही, गळतं. गुलाबासारखी एकेक पाकळी सोडत नाही, की मोगऱ्यासारखं तपकिरी पडून देठावर लोंबत नाही. दीड-दोन महिने ताठ उभं असतं आणि एका सकाळी अख्खंच्या अख्खं कुंडीशेजारी पडलेलं दिसतं. उचलून पाहावं तर अजून टवटवीत!

'मोजडी' हे मी ठेवलेलं नाव. बाजारात स्लिपर ऑर्किड म्हणतात, शास्त्रीय नाव पॅफिओपेडिलम. पॅफोस हे सायप्रसमधलं अ‍ॅफ्रोडाइटी देवीचं ठाणं, आणि पेडिलॉन म्हणजे ग्रीकमध्ये पायताण. खालची पाकळी चपलेच्या पुढच्या भागासारखी फुगीर असते, म्हणून देवीचं पायताण. आपल्याकडची सीतेची वेणी हीसुद्धा ऑर्किडच, पण मोजडी महाराष्ट्राच्या रानात नाही. भारतात ती मुख्यतः ईशान्येच्या डोंगरांत, आणि एक जात पार दक्षिणेला अगस्त्यमलैच्या डोंगरात. रानातून उपटून आणायला कायद्याने बंदी आहे. रोपवाटिकेत वाढवलेलीच घ्यायची.

फुलाबद्दल सगळेच लिहितात. मला त्यानंतरच्या दहा महिन्यांबद्दल लिहायचं आहे.

फूल गळलं की आधी देठाचं टोक नीट पाहायचं. काही जातींत तिथेच पुढची कळी दडलेली असते. नसेल, तर ब्लेड ज्योतीवर धरून, गार करून देठ खालून कापायचा. पानांना मात्र हात लावायचा नाही. इथेच बरेच जण गोंधळतात. मोजडीत पानांच्या एका झुबक्याला आयुष्यात एकदाच फुलोरा येतो. केळीसारखं. मग बुडाशी पिल्लू फुटतं आणि पुढचं फूल त्या पिल्लाला. पण घड उतरवल्यावर केळ तोडतात, तसं इथे करायचं नाही. या झाडाला पाणी-अन्न साठवायला कंद नसतो. जे काही आहे ते पानांत. जुना झुबका पुन्हा कधीच फुलणार नसतो, तरी पुढची काही वर्षं हिरवा राहतो आणि पिल्लाला पोसतो. पिल्लू मोठं व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, कधी दोन. म्हाताऱ्या पानाने पिवळं पडून आपणहून सुटायचं ठरवलं की सुटू द्यावं.

कुंडी बदलायची ती याच दिवसांत. झाडाची साल आणि कोळशाचे तुकडे घालून भरलेली कुंडी दीड-दोन वर्षांत कुजू लागते, आंबूस वास येतो. माझ्याकडे फूल फेब्रुवारीत गळतं, म्हणून उन्हाळा तापायच्या आत मी हे उरकते. मुळं मोजकीच असतात, तपकिरी आणि लवदार. मेल्यासारखी दिसतात, पण बोटांनी दाबून टणक लागली तर जिवंत आहेत. पोकळ लागली तीच काढायची. पिल्लाचं बूड सालीत जेमतेम बुडलेलं हवं. वर अधांतरी राहिलं तर त्याची नवी मुळं हवेतच सुकतात.

पुण्याच्या उन्हाळ्यात दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी, पावसाळ्यात आठवड्याने. सकाळीच. बोअरचं क्षाराचं पाणी नको. झुबक्याच्या पोटात पाणी साचलं तर सुती चिंधीचं टोक बुडवून टिपून घ्यायचं, नाहीतर आतून कुजतं. पूर्वेची खिडकी, कोवळं ऊन. खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौथाई. बस्स, एवढंच.

आता हे सगळं आज का लिहिते आहे, ते सांगते. ही कुंडी माझ्या धाकट्या दिरांनी २०१९ च्या जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून माझ्यासाठी आणली होती. भावजी गेल्या वर्षी गेले. यंदा फूल आलं तेव्हा जाऊबाई येऊन बराच वेळ त्याच्यापुढे बसल्या. गळल्यावर म्हणाल्या, "वहिनी, मला यातला एक तुकडा द्या. त्यांची आठवण म्हणून."

मला 'देते' म्हणता येईना. झाडाला चार झुबके आहेत. दोन जुने, एक यंदा फुललेला आणि एक बोटभर पिल्लू. तीन-तीन झुबक्यांचे भाग होत असतील तरच मोजडी फोडावी. दोन-दोन केले तर दोन्ही खुरटतात, फूल कित्येक वर्षं लांबतं, कधी रोपच जातं. दुसरी विकत आणावी, तर दुकानातल्या इतर ऑर्किडांच्या हुबेहूब प्रती प्रयोगशाळेत हजारोंनी काढतात, तशा मोजडीच्या अजून फारशा साधत नाहीत. ती बियांपासून वाढवतात, आणि बियांची रोपं भावंडांसारखी, प्रत्येक वेगळं. भावजींनी निवडलेलं ते नेमकं फूल या एका कुंडीखेरीज कुठेही मिळणार नाही.

सहा झुबके व्हायला तीन वर्षं तरी लागतील. मी शहात्तर वर्षांची, जाऊबाई एकाहत्तरच्या. हा हिशेब आम्ही दोघींनी मनातल्या मनात केला, मोठ्याने कुणीच बोललं नाही.

मी म्हटलं, "फोडायला नको, अख्खी कुंडी घेऊन जा." त्यांनी मान हलवली. त्यांची गॅलरी पश्चिमेला, दुपारभर ऊन. "इथेच राहू दे. पाणी घालायला मी येत जाईन."

गेले पाच महिने त्या येतात. गुरुवारी आणि रविवारी, साडेआठच्या सुमाराला. आधी बोट खुपसून साल ओली आहे का पाहतात, मग पाणी. चहा होतो. भावजींचा विषय निघतो, कधी निघतही नाही. पिल्लाला आता तिसरं पान आलं आहे.

शाळेत कपाटांना लावायचे तसं एक लेबल मी कुंडीला लावून ठेवलं आहे. त्यावर जाऊबाईंचं नाव, त्याखाली माझ्या नातीचं, आणि खाली सूचना: 'सहा झुबके झाल्याशिवाय फोडू नये.' घरच्या मंडळींनी हे वाचलं असेल तर लक्षात ठेवावं. अक्षर मोठं काढलं आहे.